मशीनवरचे स्मॉकिंग

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

हाताने स्मॉकिंग, म्हणजे कापडाला बारीक चुण्या घालून त्यांवर नक्षीचे टाके घालणे, करताना आईचे डोळे शिणतात, तेव्हा नातीच्या फ्रॉकसाठी ते मशीनवर जमेल का, असे तिने विचारले होते. फोनवर हे नीट समजावता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मशीनवर चुण्या घालून, मागे ऑर्गंडी या पातळ, कडक कापडाची पट्टी लावून, वरून नक्षीचे टाके घालण्याची एक पद्धत आहे. ती दिसते सुरेख, पण मागच्या पट्टीमुळे कापड ताणले जात नाही. एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडमधले शेतमजूर स्मॉकिंगचे सदरे घालत, ते काम करताना छातीशी आणि मनगटाशी कापड सैल होऊन पुन्हा आवळावे म्हणून. तो गुणच गेला तर उरते ती निव्वळ शोभा. शिवाय आपल्या पायमशीनवर सरळ टीपच पडते. त्यामुळे मला बॉबिनमध्ये, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात, इलॅस्टिकचा दोरा भरण्याची पद्धत अधिक पसंत आहे.

हा दोरा बॉबिनवर हातानेच गुंडाळावा, न ताणता आणि न ढिला सोडता. हे काम बाबांनी करावे. वर नेहमीचाच दोरा ठेवून टाका सर्वांत लांब करावा. जाड दोरा बॉबिन केसमधून, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीतून, अडखळत सुटत असेल, तर तिच्यावरचा बारीक स्क्रू अगदी किंचित सैल करावा, मात्र त्याची मूळ जागा आधी लक्षात ठेवावी, नाहीतर पुढच्या साध्या शिवणीला त्रास होईल.

कापड केंब्रिक किंवा व्हॉइलसारखे पातळ सुती घ्यावे आणि आधी धुऊन घ्यावे. हाताच्या स्मॉकिंगला साधारण तिप्पट रुंदी लागते, इथे दुपटीत भागते. नातीची छाती २२ इंच आहे, म्हणजे ४४ इंची पन्हा जोड न देता पुरेल. इलॅस्टिक खालून जाणार असल्याने कापडाची सुलट बाजू वर ठेवून तिच्यावर खडूने एकेक सेंटीमीटरवर रेघा आखाव्यात. चौकटीचे कापड मिळाले तर बाबांचे तेवढे काम वाचेल.

पहिल्या टिपेला चुण्या फारशा पडत नाहीत, म्हणून आईने लगेच उसवायला घेऊ नये. दुसऱ्या टिपेपासून दोन्ही हातांनी आधीच्या चुण्या ताणून कापड सपाट धरावे आणि सुई त्या सपाट कापडावरच पडू द्यावी. टिपा वाढतील तसतसे कापड आवळत जाते. टिपेच्या टोकांना दोरे लांब सोडून हाताने गाठी माराव्यात. फ्रॉकची मागची शिवण शेवटी घालावी, म्हणजे ही सगळी टोके तिच्यात पक्की अडकतात. सर्व झाल्यावर वाफेची इस्त्री कापडाला न टेकवता बोटभर वर धरावी; त्या वाफेने इलॅस्टिक आणखी आखडते आणि चुण्या एकसारख्या बसतात. इस्त्री दाबून मात्र फिरवू नये.

इलॅस्टिकच्या दोऱ्याची पांढरी रिळे पार्सलने पाठवीत आहे. आईने आधी वीतभर चिंधीवर चार-पाच टिपा घालून पाहाव्यात आणि चिंधी आवळून निम्मी झाली नाही, तर मला कळवावे; मग टाक्याची लांबी आणि स्क्रू यांचे काय करायचे ते व्हिडिओवर मशीन पाहूनच सांगेन.

तुमची,
लेक