फिरतीवरची मुले आणि शाळेचा दाखला

महोदय,

लहान मुलांसह वर्षभर जगभ्रमंतीला निघणाऱ्या पालकांना, परतल्यावर मुलांचे वर्ष वाया जाईल, ही धास्ती असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम ४ शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देते आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष आहेत. तेव्हा दाखल्याची अडचण सुटण्याजोगी आहे. खरी अडचण सरावाची. परक्या बाजारात सुटे पैसे मोजताना हिशेब आपसूक जमतो, परंतु जोडाक्षरे आणि हातच्याची वजाबाकी यांना रोजची उजळणी लागते, आणि विमानतळाच्या बाकावर (पालकांची हौस दांडगी असली तरी) ती होत नाही. जर्मनीसारख्या देशात घरशिक्षणाला मुभा नाही, हेही तेथे दीर्घकाळ राहू इच्छिणाऱ्यांनी आधीच पाहावे.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे