प्रवेशद्वारावरील बंदुकीबाबत चौथे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, इंदिरानगर, नाशिक

विषय : सुरक्षारक्षकाकडील बंदुकीबाबत

महोदय,

जूनपासून याच विषयावर मी तीन अर्ज दिले. दोन अर्जांची पोच माझ्याकडे आहे. उत्तर एकाचेही आलेले नाही.

गेल्या मंगळवारी शाळेची रिक्षा आली, तेव्हा फाटक उघडण्यासाठी रक्षकाने आपली बाराबोरची दुनळी इंटरकॉमच्या टेबलाला टेकवून ठेवली, आणि पहिलीतल्या एका मुलाने सरळ तिच्या दस्त्यावर हात ठेवला. मी ओरडलो, तर रक्षक म्हणाला, "काका, गोळी नाही त्यात." सचिवही हेच सांगतात, पण त्याच्या कमरेच्या पट्ट्यातली लाल काडतुसे मी दिवाळीत स्वतः पाहिली आहेत. तो माजी सैनिक आहे, असेही मला ऐकवले जाते. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले आपल्याच विंगमधील एक सभासद मात्र म्हणतात, की हत्यार असे सोडून जाणाऱ्याला पलटणीत शिक्षा झाली असती.

रात्री आठला पाळी बदलली की तीच बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही; मग या दुसऱ्या माणसाचे नाव परवान्यात आहे का, हे एजन्सीला विचारण्याची तसदी समितीने घेतली आहे काय? परवान्याची प्रत मी दोनदा मागितली, तेव्हा "एजन्सी बघून घेईल" एवढेच सांगण्यात आले.

मुळात बंदूक आली ती पार्किंगमधील बॅटऱ्या चोरीला जातात म्हणून. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ४१ मध्ये मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव घेण्याची मुभा आहे ती जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराची किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीची आगीने वा स्फोटकाने नासधूस, किंवा मृत्यूची अथवा गंभीर दुखापतीची रास्त धास्ती वाटावी अशी चोरी, नासधूस वा घरातील घुसखोरी, एवढ्यापुरतीच. बॅटरी उचलून पळणाऱ्या पोरावर गोळी झाडली, तर रक्षकावर गुन्हा दाखल होईल आणि त्याला नेमले कोणी म्हणून समितीलाही जाब द्यावा लागेल. ज्या कामासाठी बंदूक ठेवली, त्या कामी ती कायद्याने वापरता येत नसेल, तर ती मुलांच्या वाटेत कशासाठी?

मी सुरक्षाव्यवस्थेच्या विरोधात नाही. काठी, विजेरी, शिट्टी आणि पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे वर्षभर दिवा बंद आहे तिथे, एक दिवा, एवढेच मी पहिल्या अर्जातही मागितले होते. ब विंगमधील बहुतेक कुटुंबांचे मत हेच आहे. संबंध बिघडतील म्हणून त्यांनी सह्या केल्या नाहीत.

बंदूक आठ दिवसांत हटवावी आणि तोवर एजन्सीच्या व शस्त्राच्या परवान्यांच्या प्रती सूचना फलकावर लावाव्यात. तसे न झाल्यास विशेष सर्वसाधारण सभेसाठी एक पंचमांश सभासदांच्या सह्या मी घरोघर जाऊन गोळा करीन, आणि या पत्राची प्रत पोलीस आयुक्तालयाकडे पाठवीन.

आपला,
सभासद, ब विंग, दुसरा मजला