पहाटेच्या पाळीबद्दल

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

साताऱ्याला सुखरूप पोचले. दादांनी भात लावून ठेवला होता. परवा रात्री कुंदाताईंसमोर तुझ्यावर ओरडायला नको होतं. तू दमून सोफ्यावर झोपला होतास, तान्ही ठमी तुझ्या छातीवर. मला बोलायचं होतं ते बरोबरच होतं, पण रीत चुकली. मनात ठेवू नकोस.

सोमवारपासून प्राचीचं ऑफिस. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला बाळंतपणाची २६ आठवडे रजा मिळते, आधी १२ च होते. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस आहेत, खासगीत तेवढ्याचाही कायदा नाही. तू दोन महिने बिनपगारी घेतलेस. भाऊकाका काय म्हणाले ते सोडून दे.

दुधाचं नीट ऐक. प्राची काढून ठेवेल ते ६०-६० मिलीच्या झाकणाच्या डब्यांत भर. वर तारीख आणि वेळ लिही. डबे फ्रिजच्या आत, अगदी मागे ठेव. दारात नको, सारखी उघडझाप होते आणि तिथलं दूध तापतं. आत चार दिवस टिकतं. बाहेर चार तास म्हणतात, पण ते २५ अंशांपर्यंतच. पुण्याच्या उन्हाळ्यात तो हिशोब धरू नकोस, काढलं की लगेच आत. वर साय धरली तर नासलं समजू नकोस, हलवलं की एकजीव होतं. कोमट करायला डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेव. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नको, कडेला कोमट लागतं आणि मधे चटका बसतो. उष्टं राहिलेलं दोन तासांत संपलं नाही तर ओतून दे. जीव तुटेल, तरी ओत. पाजताना वाटी-चमचाच. तिला उभट धर, चमचा खालच्या ओठाला टेकव आणि थांब. ती आपणहून ओढून घेते. घाईनं तोंडात ओतलं की ठसका लागतो.

आणि रात्री पाजायला सोफ्यावर बसू नकोस.

तापाच्या औषधाची बाटली फडताळात वरच्या खणात आहे. पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलीला १०० मिलिग्रॅम असतं. २५० च्या सिरपमध्ये (५ मिलीत २५०) १ मिलीला ५०, १२५ च्या सिरपमध्ये २५. म्हणजे डॉक्टरांनी १२५ च्या सिरपचे मिली सांगितले आणि तू तेवढेच मिली थेंबांच्या बाटलीतून काढलेस, तर चौपट औषध पोटात जाईल. फोनवर विचारताना बाटलीवरचं लेबल वाचून दाखव आणि ठमीचं आजचं वजन सांग. तेवढ्यासाठी प्राचीला मीटिंगमधून उठवू नकोस, हे तुला पाठ असायला हवं. वरचं अन्न कधी सुरू करायचं ते डॉक्टर तिच्या जन्माच्या आधी ठरलेल्या मूळ तारखेवरून मोजून सांगतील, ती लवकर आली ना, शेजारी काय म्हणतात त्यावर जाऊ नकोस.

बघ, पुन्हा शाळा घेत बसले. वॉर्डातली सवय जात नाही.

जन्मली तेव्हा १७०० ग्रॅमची होती. तू शर्टाची बटणं काढून, तिला सुती पट्ट्यानं छातीशी बांधून, टेकून बसायचास. मान एका बाजूला वळलेली, हनुवटी जरा वर. हे कांगारू केअर कोलंबियात, बोगोटाला, १९७० च्या दशकाअखेरीस सुरू झालं, कारण तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते. बापाच्या छातीलाही तशीच ऊब असते. पाय जड होईतो तू हललास नाहीस. तुझा हात तिच्या पाठीवर होता, अख्खी पाठ तळव्यात मावायची. तेव्हा तुला काही बोलले नाही. आज लिहिते: फार बरं वाटलं होतं.

म्हणून तर भीती वाटते. छाती वाईट नाही रे, जागा असताना हवा तितका वेळ घे. पण झोप लागली की हात सैल पडतात, सोफा खचतो, आणि बाळ घसरून तुझ्या अंगाच्या आणि पाठीच्या उशीच्या फटीत जातं. नाक दाबलं जातं, नाहीतर हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट मुडपते. बाळ रडत नाही. आवाजच होत नाही. लवकर जन्मलेल्या बाळाला हा धोका आणखी जास्त. पहाटे चारच्या पाळीला स्वयंपाकघरातली ताठ पाठीची खुर्ची घे, वीस मिनिटांचा गजर लाव. पापण्या जडावल्या की तिला लगेच तिच्या गादीवर ठेव, पाठीवर, उताणी. गादी कडक, डोक्याखाली काही नाही. कुंदाताईंनी प्रेमानं शिवलेली राईची उशी आणि कुंची जागेपणी असू दे, झोपताना दोन्ही काढ. त्यांना मीच फोन करून सांगते, तुला वाईटपणा नको.

दोन रात्री सलग जागलास तर तिसऱ्या रात्री प्राचीला स्पष्ट सांग, ओढत बसू नकोस.

निघताना जाड गोधड्या सगळ्या सोफ्यावर रचून ठेवल्यात, बसायला जागाच उरू नये म्हणून. दिवसा पाहुणे आले तर उचल. रात्री परत तिथेच ठेव.

तुझी,
आई