सीताबर्डीच्या भाऊंना: अकरा लिटरच्या पेटीतल्या पाण्याबद्दल

प्रिय भाऊ,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण हे पत्र चारचौघांत लिहायचं मी ठरवलं, कारण कॉम्प्युटरच्या छोट्या केसमध्ये कोणता लिक्विड कूलर (प्रोसेसरची उष्णता नळीतल्या पाण्याने रेडिएटरच्या जाळीपर्यंत नेणारा) बसवावा या प्रश्नाशी माझ्यासारखे अनेक जण एकटेच झगडत असतात. तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं.

२०२४ च्या मार्चमध्ये मी तुमच्या दुकानाचा जिना चढून वर आले तेव्हा माझ्या हातात दोन खोकी होती. एकात लिआन लीची अकरा लिटरची ए४-एचटूओ केस, दुसऱ्यात ऑनलाइन मागवलेला २४० चा लिक्विड कूलर. केसच्या माहितीत ‘२४० चा रेडिएटर बसतो’ असं लिहिलेलं, कूलरच्या खोक्यावर ‘२४०’ छापलेलं. मला वाटलं, जमलं. घरी बसवायला घेतला तर वरचं झाकण लागेना. मी सील फोडलं म्हणून विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला होता. महिनाभराची कमाई अडकली होती आणि एप्रिलपासून ताडोब्याच्या जंगलाजवळ, मोहर्लीत, माझं काम सुरू व्हायचं होतं.

तुम्ही खोकं बाजूला ठेवलंत आणि मोजपट्टी काढलीत. केसच्या वरच्या भागात रेडिएटर आणि पंखा मिळून ५५ मिलिमीटर जागा. माझ्या कूलरचा रेडिएटर ३८ मिलिमीटर जाड, त्यावर २५ चा पंखा. बेरीज ६३. “ताई, २४० हा आकडा फक्त पंख्यांचा आहे न. १२० चे दोन पंखे शेजारी शेजारी, एवढंच सांगते ते. रेडिएटर किती लांब, किती जाड, ते वेगळं पाहा लागते.” आणि खरंच, दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो २७५ मिलिमीटरच्या आसपास भरला. तुम्ही एका पाठकोऱ्या बिलावर ते सगळं मांडलंत. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

मी विचारलं, पंखेच पातळ लावले तर? १५ मिलिमीटरचे मिळतात. ३८ आणि १५ म्हणजे ५३, बसेल की. तुम्ही ते उडवून लावलं नाहीत. बसेल म्हणालात, पण जाड रेडिएटरच्या दाट पट्ट्यांमधून हवा ढकलायला पंख्यात दम लागतो, आणि पातळ पंखा तो आणणार कुठून? त्यापेक्षा २७ मिलिमीटरचा रेडिएटर आणि पूर्ण २५ चा पंखा बरा. बेरीज ५२, वर तीन मिलिमीटर मोकळे. मला त्या दिवशी कूलर विकून मोकळं होणं तुम्हाला सहज शक्य होतं. तुम्ही उलट म्हणालात, “आधी हे तर पाहू, पाणी लागते का नाही ते.”

मग प्रश्न सुरू झाले. काम काय करता? मशीन कुठे ठेवता? खोलीत किती गरम होतं? बाहेर नेता का? याआधी कुणीही मला खोलीबद्दल विचारलं नव्हतं.

मी ताडोब्यात चित्रीकरण करणाऱ्यांसाठी संकलन करते. त्यांचं फुटेज १०-बिट ४:२:२ एच.२६५ असतं (रंगांची जास्त माहिती साठवणारा, उलगडायला जड असा व्हिडिओचा प्रकार) आणि माझं आरटीएक्स ४०७० ग्राफिक कार्ड ते हार्डवेअरमध्ये उलगडू शकत नाही. सगळा भार प्रोसेसरवर, म्हणजे रायझन ९ ७९००एक्सवर येतो, तोही तासन्‌तास. वाघ पाणवठ्यावर दिसण्याचा मोसम म्हणजे एप्रिल-मे. त्या वेळी मशीन गाडीत घालून मोहर्लीला न्यावं लागतं, कच्च्या रस्त्याने, आणि तिथल्या खोलीत उन्हाळी कूलरशिवाय दुसरा आधार नसतो. लॅपटॉप वापरून पाहिला होता, दहा मिनिटांत धापा टाकायचा.

हे ऐकून तुम्ही पहिल्यांदा दुसरीच केस सुचवलीत. कूलर मास्टरची एनआर२००, १८ लिटरची, तिच्यात १५५ मिलिमीटर उंचीचा हवेचा टॉवर कूलर उभा राहतो. घरी एका जागी ठेवायचं असतं तर पाण्याचं नावही काढू नका, असं तुम्ही स्पष्ट म्हणालात. टॉवरमध्ये पंप नाही, नळी नाही, बिघडायचा तो फक्त पंखा. पण किलोभर वजनाचा टॉवर मदरबोर्डला आडवा लटकत असताना ताडोब्याच्या रस्त्यावर गाडी आदळली तर काय, हा प्रश्नही तुम्हीच काढलात. लिक्विड कूलरमध्ये प्रोसेसरवर फक्त लहानसा पंप बसतो. जड रेडिएटर केसच्या सांगाड्याला स्क्रूने आवळलेला असतो. माझ्यासाठी पाण्याच्या बाजूने पडलेलं पहिलं खरं वजन ते होतं, आणि ते मला कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात दिसलं नव्हतं.

तरीही तुम्ही घाई केली नाहीत. तुमच्याकडे ४७ मिलिमीटर उंचीचा एक बुटका हवेचा कूलर पडलेला होता. तो बसवलात. खोलीत ३१ अंश. प्रोसेसर कारखान्यातून आला तसा सोडला तर २३० वॉटपर्यंत वीज ओढतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तुम्ही आधी इको मोडने तो ८८ वॉटवर बांधलात. तापमान ८४ वर थांबलं. मग १४२ वॉटवर, आणि आठ मिनिटांत ९५, त्यानंतर वेग घसरू लागला. ९५ पाहून माझा चेहरा उतरला तेव्हा तुम्ही सांगितलंत की या पिढीचे रायझन ९५ ला जळत नाहीत, ते तिथे स्वतःला सांभाळून घेतात. फक्त काम हळू होतं. “मार्चमध्ये हे हाल, नवतप्यात काय होईल?” नवतपा म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस.

त्या प्रश्नावर माझा निर्णय झाला. पण तुमचं खरं शिकवणं पुढेच होतं.

मी नागपूरची. पाणी आणि थंडावा हे दोन शब्द माझ्या डोक्यात जोडीनेच येतात. बाहेर ४५, आणि खस ओली केली की खोली थंड. त्यामुळे लिक्विड कूलर म्हणजे त्याचीच लहान आवृत्ती, असं मी धरून चालले होते. तुम्ही खिडकीतल्या कूलरकडे बोट दाखवलंत. तिथलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून हवा बाहेरच्यापेक्षा थंड होते आणि म्हणून टाकीत रोज पाणी ओतावं लागतं. कॉम्प्युटरमधलं पाणी बंद नळीत फिरतं. ते उडत नाही, त्यामुळे खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. “हे पाणी हमाल आहे, ताई. इथलं ओझं उचलते, वर नेऊन टाकते. थंड करणारी तर हवाच आहे.”

हमाल हा शब्द माझ्या डोक्यात बसला आणि बाकीच्या शंका त्याच्या मागे सुटत गेल्या. ओझं उतरवायला फलाट मोठा हवा, म्हणून रेडिएटरचं क्षेत्रफळ महत्त्वाचं, आणि म्हणून १२० चा एकच पंखा असलेला लिक्विड कूलर चांगल्या टॉवरपुढे फारसा टिकत नाही. खोली तापली तर प्रोसेसरही तेवढाच तापणार. पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही, म्हणून नळीवर दव धरून मदरबोर्ड भिजण्याची भीतीही नाही. ही भीती मी कितीतरी दिवस मनात बाळगून होते.

नवा कूलर आला त्या दिवशी तुम्ही मला स्वतः बसवायला लावलंत आणि शेजारी उभे राहिलात. तांब्याच्या चकतीवरची प्लास्टिकची फिल्म मी काढली का, हे दोनदा विचारलंत. या प्रोसेसरमधली उष्णता मधोमध नसून एका कडेला जास्त असते, म्हणून कूलरसोबत आलेली सरकवून बसवायची पट्टी वापरायला लावलीत. स्क्रू तिरक्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळायचे. पंप खाली, रेडिएटर वर. नळीतली हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन साठते. ती जागा रेडिएटरची टाकी असली पाहिजे, पंप नव्हे, नाहीतर पंप हवा घुसळत बसतो आणि लवकर मरतो. या केसमध्ये रेडिएटर माथ्यावरच असल्याने ते आपोआप जमलं. पण ज्यांची केस वेगळी आहे त्यांनी हे आधी तपासावं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

पंखे हवा आत ओढणारे लावायचे की बाहेर फेकणारे, यावर मी वाचून वाचून गोंधळले होते. तुम्ही वाद घातला नाहीत. दोन्ही लावून पाहिलंत, वीस-वीस मिनिटं. आत ओढणारे लावले तेव्हा प्रोसेसर पाच अंशांनी थंड राहिला, पण तीच गरम हवा ग्राफिक कार्डावर आणि एसएसडीवर उतरली आणि ती दोन्ही तापली. कार्ड २०० वॉटचं, प्रोसेसर १४२ चा. जुन्या शंभराच्या बल्बांत मोजलं तर जवळजवळ साडेतीन बल्ब, आणि जागा एका मोठ्या कळशीएवढी. ती उष्णता बाहेर जायलाच हवी. पंखे पालथे केलेत, हवा वरून बाहेर. प्रोसेसरचे पाच अंश सोडले आणि बाकी सगळं निवांत झालं.

आवाजाचं मी विसरलेच होते. रेकॉर्ड केलेले जंगलाचे आवाज ऐकत काम करायचं असतं, त्यात पंखा दर मिनिटाला वर-खाली होत राहिला तर डोकं उठतं. तुम्ही पंप एका ठरावीक वेगावर बांधलात आणि पंख्यांना उशिराने प्रतिसाद द्यायला लावलंत. प्रोसेसरचं तापमान क्षणात उसळतं, पाण्याचं मात्र सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं, मग पंख्याने दर उसळीमागे धावायचं कशाला? त्या दिवसापासून रातव्याची, त्या रात्रीच्या पक्ष्याची, टकटक मला हेडफोनमध्ये नीट ऐकू येते. माझ्या कामात याहून मोठी गोष्ट नाही.

तो मे आला, नवतपाही आला. मोहर्लीत खोलीचं तापमान ३३ आणि सलग तीन तास काम चालू असताना प्रोसेसर ८२. वेग जराही घसरला नाही. डिसेंबरमध्ये घरी २२ अंशांच्या खोलीत तेच काम केलं तेव्हा ७१ दिसलं. फरक दोन्ही वेळा ४९. तुमच्या हमालाने ऋतू बदलला म्हणून ओझं कमी-जास्त केलं नव्हतं. मी ते आकडे तुम्हाला पाठवले आणि तुम्ही नुसतं “बरोबर” असं लिहिलंत. मला मात्र त्या दिवशी फार आनंद झाला होता, कारण यंत्र माझ्या समजुतीप्रमाणे वागताना मी पहिल्यांदा पाहत होते. १४२ वॉटवर बांधल्यामुळे तासाभराच्या एक्स्पोर्टला चार मिनिटं जास्त लागतात. ती मी आनंदाने देते.

मोहर्लीतली पहिली रात्र आठवते का? गाडीत केस आडवी ठेवली होती. सुरू केली तर पंपातून गुळण्या केल्यासारखा आवाज. रात्री साडेदहाला तुम्हाला फोन केला, पलीकडे ताट वाढल्याचा आवाज येत होता. तुम्ही जेवण बाजूला ठेवून मला समजावलंत: बंद करा, केस आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर कलती करा, उभी ठेवून पाच मिनिटं थांबा, मग सुरू करा. हवेचा बुडबुडा वर गेला आणि आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या फेरीचं फुटेज वेळेवर उतरलं. तेव्हापासून केस गाडीत उभीच असते, दोन उशांच्या मध्ये.

आणि उन्हाळी कूलरच्या झोतात मशीन ठेवायचा मोह आवरा, हे सांगितलंत तेही. ओलसर हवेत धूळ रेडिएटरच्या पट्ट्यांना लेपासारखी चिकटते, शिवाय जुन्या कूलरमधून थेंबही उडतात. मशीन झोतापासून बाजूला, समोरची खिडकी उघडी. दर महिन्याला मऊ ब्रश, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून.

तुम्ही एक गोष्ट लपवली नाहीत, आणि तिच्यासाठी मी सगळ्यात जास्त आभारी आहे. हा कूलर कायमचा नाही. नळीच्या रबरातून पाणी वर्षानुवर्षं अगदी सावकाश झिरपून कमी होत जातं, बहुतेकांत ते परत भरता येत नाही, आणि पंप कधीतरी थांबणारच. पाच-सहा वर्षांची वॉरंटी असते, पण मोहर्लीत रात्री दोनला पंप थांबला तर वॉरंटी काय करणार? म्हणून तो ४७ मिलिमीटरचा बुटका कूलर तुम्ही मला निम्म्या किमतीत दिलात, सोबत प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायच्या पेस्टची लहान ट्यूब आणि स्क्रू-ड्रायव्हर. ८८ वॉटवर बांधून काम पुढे नेता येईल एवढी तजवीज. ते सगळं माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेच्या तळाशी असतं. अजून काढायची वेळ आली नाही.

माझा तो ६३ मिलिमीटरचा कूलरही तुम्ही वाया जाऊ दिला नाहीत. मोठ्या कॅबिनेटवाला एक गिऱ्हाईक शोधून तो विकून दिलात आणि मधले पैसे घेतले नाहीत. बसवण्याचे विचारले तर “पेस्टचे द्या” म्हणालात. तीन दुपारी तुम्ही माझ्यासाठी घालवल्या होत्या. त्यांचे पैसे मी अजूनही देणं लागते असंच धरून आहे.

भाऊ, मनापासून आभार. मार्चच्या शेवटी, मोहर्लीला निघायच्या आधी, रेडिएटर साफ करायला येते. या वेळी मीच उघडेन, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. वहिनींसाठी मोहर्लीहून मोहाच्या फुलांचे लाडू आणायचे राहिले होते, तेही परतताना आणते.

तुमची,
अकरा लिटरवाली ताई