शेजारच्या वहिनींस, वाचनालयाकडून

वहिनी, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही ‘काहीतरीच तुमचं!’ म्हणून आत निघून जाता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

वाचनालयाची यादी ब्राउझरवर दिसावी एवढीच हौस होती. विंडोजवर अपाचे हा वेब सर्व्हर बसवला, ‘इट वर्क्स’ उमटलं, छाती फुगली. मग यादीची पानं तयार करणाऱ्या पीएचपी या भाषेने दोन संध्याकाळी खाल्ल्या. पीएचपी अपाचेला जोडायची डीएलएल फाइल उतरवलेल्या झिपमध्ये सापडेचना. तुम्हाला फोन लावला, तर मागे कुकरच्या शिट्ट्या आणि तुमचा एकच प्रश्न: “झिपच्या नावात एनटीएस आहे का?”

होतं. मी आपली वर दिसली ती, एनटीएस म्हणजे नॉन थ्रेड सेफ, उतरवून मोकळा झालो होतो. विंडोजवरचं अपाचे एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळची अनेक कामं, चालवतं, पीएचपी मॉड्यूल म्हणून त्याच्या पोटात बसवायचं तर थ्रेड सेफच हवं. ती एनटीएसवाली झिप मायक्रोसॉफ्टच्या आयआयएससारख्या फास्टसीजीआयवाल्यांची, जे पीएचपी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतात. शिवाय अपाचे ६४ बिटचं तर पीएचपीही ६४ बिटचंच. हे मला कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. सगळे म्हणत, ‘झॅम्प टाका (अपाचे, पीएचपी एकत्र बसवणारा तयार संच) आणि सुटा.’ सुटलोही असतो, कळलं काहीच नसतं.

पण खरे आभार मराठीसाठी. लांब शीर्षकं मी ४० बाइटवर कापत होतो आणि शेवटी प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन येत होते. तुम्ही ‘मराठी’ हा शब्द मोजायला लावलात. पीएचपीचं लांबी मोजणारं फंक्शन स्ट्रलेन म्हणालं १५, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमधल्या एमबीस्ट्रिंग या जोडणीच्या ओळीपुढचा अर्धविराम काढून ती चालू केली, तिच्या एमबी-स्ट्रलेनने ५ सांगितले. मी वैतागलो, अक्षरं तर तीनच! “काना आणि वेलांटी वेगळी धरतंय ते,” तुम्ही हसून म्हणालात. इंटल ही दुसरी जोडणी चालू केल्यावर तिच्या ग्राफीम-स्ट्रलेनने, जे आख्खी अक्षरं मोजतं, ३ म्हटलं, तेही पीएचपीचा फोल्डर विंडोजच्या पाथमध्ये (विंडोज फाइली शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) घालून अपाचे पुन्हा सुरू केल्यावर. तो ३ बघून मी एकटाच टाळी वाजवली.

आता शीर्षकं अक्षरावरच तुटतात, काना-मात्रा शाबूत. सर्व्हरची सगळी माहिती उघडी दाखवणारी पीएचपीइन्फोची फाइल ‘आजच पुसा’ म्हणाला होतात. दुसऱ्या दिवशी पुसली. रागावू नका.

तुमचा,
वाचनालयाचा सेवक