खारट घाम, तुंबलेलं स्वादुपिंड

मा. संपादक,
माझा नातू पोटभर जेवायचा, पण अंगी काही लागत नव्हतं. शी तेलकट, उग्र वासाची. दोन वर्षं जंताची औषधं झाली, दृष्टही काढली. शेवटी घामाच्या तपासणीत सिस्टिक फायब्रोसिस निघाला.

या आनुवंशिक आजारात सीएफटीआर जनुकातल्या दोषामुळे स्वादुपिंडाच्या रसात पाणी कमी पडतं. रस चिकट होतो, बारीक नलिका तुंबतात. चरबी पचवणारं लायपेज हे एन्झाइम (पाचक द्रव्य) आतड्यापर्यंत पोचतच नाही. अडकलेला रस उलट स्वादुपिंडालाच पोखरतो. मग अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही शोषली जात नाहीत. १९३८ साली डॉ. डोरोथी अँडरसन यांनी हा आजार ओळखला, तो स्वादुपिंडातल्या या खुणांवरूनच.

आता प्रत्येक जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल देतो. वजन वाढतंय! नागपूरच्या मे महिन्यात मात्र जीव टांगणीला लागतो. घामातून मीठ फार जातं, ते डॉक्टरांना विचारून भरून काढावं लागतं.

बाळाचा पापा खारट लागत असेल, वजन अडलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना घामाच्या या तपासणीबद्दल जरूर विचारा. विदर्भातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ती मिळावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.

– एक आजी, महाल, नागपूर