जिना नकाशात नव्हता

माननीय संपादक,
स. न.

मध्यम आकाराच्या शहरांचे जुने मध्यभाग ओस पडत चालले आहेत आणि ते पुन्हा नांदते करायचे तर आखणी तिथल्या लोकांच्या हाती द्यायला हवी, ही मागणी हल्ली पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. मला ती मनापासून पटते. पण ‘लोकसहभाग’ हा शब्द आता इतक्या सहज वापरला जातो, की खरं काम कोणतं आणि नुसता उपचार कोणता, हे वाचणाऱ्याला कळेनासं होतं. मी एकतीस वर्षं नगररचनेच्या कचेरीत आरेखक होते. आधी ट्रेसिंग कागदावर शाईच्या पेनाने आणि पुढे संगणकावर मी शहरांचे आराखडे काढले. त्यातलाच एक अनुभव सांगते.

एका बाजाररस्त्याच्या सुधारणेचा नकाशा माझ्याकडे होता. रस्त्याच्या एका बाजूने रुंद पदपथ, दर सहा मीटरवर एक झाड आणि दोन झाडांच्या मधे दगडी कठड्याचा फुलझाडांचा वाफा, अशी योजना होती. नकाशा देखणा झाला होता. वरिष्ठांनी तो भिंतीवर लावला. रीतीप्रमाणे हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि सुनावणीचा दिवस ठरला. नकाशे उलगडून दाखवायला कोणीतरी लागतं, म्हणून मी तिथे हजर होते.

साठी ओलांडलेल्या एक बाई पुढे आल्या. त्यांनी चष्मा वर केला, नकाशावर बराच वेळ बोट फिरवलं आणि एका जागी थांबल्या. म्हणाल्या, “इथं आमचा जिना आहे. वर अकरा बिऱ्हाडं राहतात. तुमचा वाफा आमच्या दारात येतोय.”

मी वाकून पाहिलं. दोन दुकानांच्या मधे जेमतेम पाऊण मीटर रुंदीचं दार होतं, ते नकाशात नव्हतंच. सर्वेक्षणाच्या तक्त्यात त्या इमारतीच्या वरच्या मजल्यासमोर ‘गोदाम’ असं लिहिलेलं होतं. नोंद घेणारा भरदुपारी गेला होता, दार बंद होतं, खालच्या दुकानात विचारायची तसदी त्याने घेतली नाही आणि मी तो तक्ता खरा मानून रेघ ओढली. सुनावणीत बाईंना सांगण्यात आलं, की आराखडा तत्त्वतः मंजूर झालेला आहे आणि आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. त्यांनी नकाशाची घडी घालायला मला मदत केली आणि त्या निघून गेल्या.

वाफा बांधला गेला. चार-पाच वर्षांनी मी त्या रस्त्याने गेले तेव्हा कठड्याचा एक दगड उखडलेला होता. मातीतून दारापर्यंत घट्ट पायवाट पडलेली होती. रेघ माझ्या हातची होती, त्यामुळे ती पायवाट आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या बाई विरोधक नव्हत्या. झाडांबद्दल, पदपथाबद्दल त्यांनी एक शब्दही वावगा काढला नाही. आमच्या सर्वेक्षणाला जे सापडलं नव्हतं, ते त्या सांगत होत्या. हेच त्यांना रेघ ओढण्याआधी विचारलं असतं, तर वाफा दीड मीटर सरकवायला मला दहा मिनिटंही लागली नसती.

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ साली नागरिक-सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसती माहिती देणं ही तिसरी पायरी, मत विचारणं ही चौथी, आणि खरी भागीदारी सहाव्या पायरीपासून पुढे. नोकरीत बरीच वर्षं झाल्यावर ती शिडी मी पाहिली आणि आमची सुनावणी चौथ्या पायरीवर उभी होती, हे माझ्या लक्षात आलं. मत विचारलं गेलं होतं. ते मानायचं बंधन मात्र कोणावरच नव्हतं.

हे निराळ्या रीतीने करता येतं, आणि तेही अवाढव्य महानगरात नव्हे. टेनेसी नदीकाठच्या चॅटनूगा या अमेरिकी शहराची हवा देशातली सर्वांत घाणेरडी असल्याचं १९६९ साली जाहीर झालं होतं. कारखाने बंद पडत गेले, मध्यभाग रिकामा झाला. १९८४ साली तिथे वीस आठवडे बैठका चालल्या, त्यांत सतराशेच्या वर नागरिक आले आणि त्यांनी शहरासाठी चाळीस उद्दिष्टं ठरवली. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की तेव्हा भिंतीवर तयार नकाशा नव्हता. ‘हे कसं वाटतं?’ असं न विचारता ‘तुम्हाला काय हवं आहे?’ इथून सुरुवात झाली होती. नदीवरचा एकोणिसाव्या शतकातला वॉलनट स्ट्रीट पूल १९७८ पासून वाहनांना बंद होता आणि तो पाडून टाकायचं घाटत होतं. लोकांनी तो वाचवायला लावला. १९९३ साली तो फक्त चालणाऱ्यांसाठी पुन्हा उघडला. १९८४ आणि १९९३ यांच्यामध्ये नऊ वर्षं आहेत. लोकांच्या हाती आखणी द्या म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा.

दुसरं उदाहरण मला फार जवळचं वाटतं, कारण त्यात माझ्या व्यवसायाची माणसं आहेत. अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्यातल्या रोआनोक शहरात १९७९ साली मध्यभागाच्या आखणीसाठी आलेल्या वास्तुरचनाकारांनी तिथल्या बाजारातच दर्शनी गाळ्यात आपली कचेरी थाटली. येणारा-जाणारा आत डोकावे, बोले. दूरचित्रवाणीवर थेट कार्यक्रम झाले. प्रेक्षक फोन करून कल्पना सांगत आणि रचनाकार त्या तिथल्या तिथे कागदावर उतरवत. मी एकतीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर बसून काम केलं. ज्या रस्त्याचा नकाशा काढते आहे, त्या रस्त्यावरचं माणूस माझ्या टेबलाशी कधीही आलं नाही, यायला वाटच नव्हती. आखणीची कचेरी त्या भागातल्याच एखाद्या रिकाम्या गाळ्यात असावी, ही माझी पहिली मागणी आहे. गाळे रिकामे आहेत, तीच तर आपली तक्रार आहे.

दुसरी मागणी मोजणीची: रस्त्यावर कोण येतं, कसं येतं आणि कोण राहतं. रस्त्यावरच्या जाणत्या माणसांचे अंदाजही चुकतात, म्हणून नुसत्या बैठका पुरत नाहीत. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दुकानदारांना विचारलं होतं, की तुमचे किती ग्राहक मोटारीने येतात? त्यांचा अंदाज ४१ टक्के होता. प्रत्यक्षात निघाले २२ टक्के. ‘पार्किंग काढलंत तर आम्ही बुडालो’ हे वाक्य प्रत्येक सुनावणीत ऐकू येतं आणि म्हणणाऱ्याला ते मनापासून खरं वाटत असतं. त्याला खोटं पाडायला जाऊ नये. त्याच्याच हाती वही-पेन्सिल द्यावी आणि शाळकरी मुलं, वरच्या मजल्यांवरचे रहिवासी, पहाटेचे सफाई कामगार यांच्याबरोबर त्याला मोजायला बसवावं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, अशा निदान चार वेळा. दाराशी थांबून विचारावं, वर कोण राहतं? आमच्या तक्त्यातल्या ‘गोदाम’ या शब्दामागे अकरा बिऱ्हाडं होती, ती अशा मोजणीत पहिल्याच संध्याकाळी, खिडक्यांतल्या दिव्यांवरून कळली असती.

मध्यभागाचं खरं दुखणं बहुतेकदा या वरच्या मजल्यांत असतं, असं माझं मत झालं आहे. खालचं दुकान बंद पडलं की सगळ्यांना दिसतं. वरचं बिऱ्हाड गेलं की एका खिडकीतला दिवा विझतो, बाकी काही नाही. पण रोज रात्री दुकानं बंद झाल्यावर रस्त्यावर नजर ठेवणारं, रात्री नऊला औषध आणायला खाली उतरणारं माणूस तिथंच राहत असतं. अमेरिकेत १९५९ साली कलामाझू या शहरानं बाजाररस्त्याचा काही भाग वाहनांना बंद केला. ते पाहून पुढच्या काळात सुमारे दोनशे शहरांनी तसंच केलं. त्यांपैकी बहुतेक रस्ते नंतर पुन्हा वाहनांना खुले करावे लागले. कलामाझूच्याही त्या रस्त्याचा काही भाग १९९८ साली. रस्ता चालणाऱ्यांना देण्यात चूक होती असं मी म्हणणार नाही. अनेकांनी दुसऱ्या शहराचं उत्तर उचललं आणि आपल्या रस्त्यावर कोण राहतं हे आधी पाहिलं नाही, असं मला वाटतं.

लोकांना विचारत बसलं तर काहीच होत नाही, हा आक्षेप मी नोकरीत शेकडो वेळा ऐकला. त्यात तथ्य आहे. ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहराचे महापौर जैमे लर्नर यांनी १९७२ साली तिथला मुख्य बाजाररस्ता शनिवार-रविवारच्या आसपास ७२ तासांत पादचाऱ्यांसाठी बदलून टाकला. दुकानदारांचा आधी विरोध होता, पुढे त्यांनीच तो पादचारी रस्ता आणखी लांब करायला सांगितलं. तेव्हा झपाट्याने केलेलं कामही फळतं. पण जे मागे घेता येतं ते झपाट्याने करावं आणि जे सिमेंटात रुजणार आहे ते सावकाश. आमचा तो वाफा आधी आठवडाभर फक्त खडूने आखला असता, तर अकरा बिऱ्हाडांच्या पावलांनी खडू पुसला गेला असता आणि आम्हाला जिना तिथेच सापडला असता. खडू, दोरी, चार कुंड्या, उसन्या खुर्च्या, एवढ्यावर निम्म्या योजनांची परीक्षा होऊ शकते.

एक भीती मात्र मी लपवणार नाही. लोकांच्या बैठकीला ज्यांना वेळ आहे तेच येतात. मालक येतात, भाडेकरू येत नाहीत. दुकानदार येतो, त्याच्याकडे काम करणारा पोरगा येत नाही, पदपथावर बसून विकणारी बाई तर नाहीच. आणि मध्यभाग खरोखर सुधारला की भाडी वाढतात. मग ज्यांनी मोजणी केली, बैठका घेतल्या, त्यांनाच तिथून उठावं लागतं. म्हणून मी म्हणते, भाडेकरूंना जागा टिकवून देण्याचं कलम आराखड्याच्या पहिल्या पानावर असावं. ते शेवटच्या परिशिष्टात टाकलं की काय होतं, ते मी पाहिलं आहे. बैठका बाजार बंद झाल्यावर आणि लहान मुलांना बरोबर आणता येईल अशा ठिकाणी व्हाव्यात.

शिवाय ठराविक रक्कम खरोखर लोकांच्या निर्णयाने खर्च व्हावी. पोर्तो अलेग्रे या ब्राझिलियन शहरात १९८९ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा काही भाग नागरिकांच्या सभांमधून ठरू लागला आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. रक्कम लहान असली तरी चालेल. आपण म्हणालो आणि गल्लीत दिवा लागला, हे एकदा दिसलं की माणसं पुढच्या बैठकीला येतात.

संपादक महोदय, आता तुमच्याकडे एक विनंती. प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत प्रमाण, आरेखकाची सही आणि आरेखनाची तारीख असते. बातमी देताना नकाशा छापला जातो तेव्हा ती चौकट बहुधा कापली जाते. यापुढे मध्यभागाच्या कोणत्याही योजनेची बातमी छापाल तेव्हा ती तारीख छापा आणि तिच्या शेजारी रहिवाशांच्या पहिल्या बैठकीची तारीख छापा. आमच्या त्या नकाशात दोन्हींमध्ये चौदा महिन्यांचं अंतर होतं आणि नकाशाची तारीख आधीची होती.

आपली,
एक निवृत्त आरेखक